वेदीचं जातं

येशू, मारिया, योसेफ

संत मोनिकेचा मठ, सोलापूर
रविवार, ८ एप्रिल १९३४

ती. दादास,

मठातून सिस्टर मार्थाचा नमस्कार. तुझी, वहिनींची आणि तुझ्या मोटारीची प्रकृती ठीक आहे असं धरून चालते. कार्डावर तू त्यातलं काही लिहिलेलं नाहीस.

कार्ड मला ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी मिळालं. आलं होतं बरंच आधी. पण ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात इथे पत्रं द्यायची नाहीत आणि लिहायचीही नाहीत असा नियम आहे, त्यामुळे ते मदरच्या खणात पडून होतं. उशीर माझ्याकडून झालेला नाही, एवढंच.

आई गेल्यावर वर्षभरात तुझं हे पहिलं अक्षर. दोन ओळी. "आईच्या वर्षाचा मिस्सा तुमच्या मठात सांगितला होता. झाला की नाही ते कळव."

झाला. ठरल्या दिवशी, आमच्या प्रार्थनाघरात, फादरनी वेदीवर, आईच्या आत्म्यासाठी तिचं नाव घेऊन केला. मी हजर होते.

पुढे तू काही विचारलेलं नाहीस, पण कागद उरला आहे म्हणून इथलं लिहिते.

ऊन वाढलं आहे. आमचा मठ मूळचा कापसाचं गोदाम. खिडक्या छताजवळ, हात न पोचणाऱ्या. गाठी ठेवायला ते ठीक होतं. माणसांना त्रास होतो. पहाटे घंटा, प्रार्थना, मिस्सा, काम, घंटा, प्रार्थना, जेवण. जेवताना बोलायचं नाही. एक बहीण संतांचं चरित्र वाचते आणि बाकीच्या ऐकत खातात. दुपारी भिंती तापतात तेव्हा वाचणारीचा आवाज बसतो आणि संत कधी कधी हौतात्म्याच्या अलीकडेच थांबतो. मला याची सवय झाली आहे. थकवा येतो, पण तो बाहेरही येतच असणार.

गिरण्यांचा संप चालू आहे. फाटकाशी माझ्या दवाखान्याची खिडकी आहे, तिथे रांग वाढली आहे. पूर्वी लोक खोकला आणि ताप घेऊन येत. आता जे घेऊन येतात त्याला माझ्या कपाटात बाटली नाही. भवानी पेठेतली कमलम्मा म्हणून एक बाई येते. तिचं माहेर तेलंगणातलं, गिरणीत रिळं भरण्याच्या खात्यात होती. बाळंत झाली आणि पाठोपाठ हगवण लागली. अंगावर दूध नाही. तिला औषध दिलं आणि पथ्य सांगितलं. सुधारते आहे.

नाताळपासून माझ्याकडे आणखी एक काम आलं आहे. मिस्साची भाकर तू जिभेवर घेतोस, ती कुठे होते हे तुझ्या मनात कधी आलं नसेल. ती मी करते. गव्हाचं पीठ आणि पाणी, बाकी काही नाही. मीठ नाही, आंबवण नाही. तापलेल्या दोन लोखंडी पट्ट्यांच्या साच्यात पातळ पीठ ओतायचं, दाबायचं, कागदासारखा पापुद्रा निघाला की गोल चकत्या कापायच्या. आमचं प्रार्थनाघर, रेल्वे वसाहतीतलं चॅपेल आणि आसपासच्या खेड्यांतली देवळं, सगळीकडे इथूनच जातात. पुण्याला कंपौंडरची परीक्षा दिलेल्या बाईला चूर्णाच्या पुड्या बांधता येतात, तर हेही येईल, असं मदरचं म्हणणं. येतं.

पीठ मात्र मी दळत नाही. ते सोनाबाईचं. सोनाबाई आमच्या फाटकावर असते. ती बहीण नाही, तिनं व्रतं घेतलेली नाहीत, पण मठ आहे तेव्हापासून ती आहे. मला मार्थाबाई म्हणते. माझं घरचं नाव काय म्हणून तिनं एकदा विचारलं. रंभा म्हटल्यावर पोट धरून हसली. "मग बदाललं कशापायी? इंद्राच्या घरी रंभा चालती, आन् आपल्या देवाच्या घरी न्हाय व्हय चालत?" मदर मागे उभ्या होत्या. त्यांनाही हसू आलं असावं, कारण त्या लगेच वळून गेल्या.

ऑगस्टमध्ये माझी शेवटची व्रतं आहेत, म्हणजे जन्मभरासाठी. घरचं कोणी आलं तर चालतं. येण्याजोगं वाटलं तर ये.

पत्र उघडंच मदरकडे देते. वाचून त्या पाकीट चिकटवतील. नेहमीची रीत आहे.

तुझी बहीण,
सिस्टर मार्था


येशू, मारिया, योसेफ

संत मोनिकेचा मठ, सोलापूर
रविवार, २९ एप्रिल १९३४

ती. दादास,

नमस्कार. पत्र पोचलं. यावेळी तू पाकीट पाठवलंस, म्हणजे कार्डात मावणार नाही इतका राग होता असं समजते.

तू लिहितोस, "मिस्साला हजर होतीस हे बरं केलंस. आईच्या उशाशी नव्हतीस. तार पोचली होती. निघायचं की नाही हे विचारायचेसुद्धा कष्ट तू घेतले नसशील." आत आलेली बहीण घरच्या मयतीला जात नाही, हा इथला नियम तुला मी आत येण्याआधी सांगितला होता. त्यावर याहून जास्त या कागदावर लिहीत नाही.

आणि तू पुन्हा विचारलं आहेस, मिस्सा नीट झाला का. आईनं मरताना तेवढं एकच मागितलं होतं, म्हणून विचारतोस, हे समजलं. फादरनी एकही प्रार्थना गाळली नाही. आईचं नाव स्पष्ट घेतलं. मेणबत्त्या सहा होत्या. मला इतकं सांगता येतं.

इकडे एक अडचण उभी आहे, ती माझ्या कामातली असल्यामुळे लिहिते. भाकरी तुटताहेत. उपवासकाळात सुरुवात झाली. चकती कापताना कड भुगा होऊन पडायची. मी उन्हाला दोष दिला. हवा कोरडी असली की पापुद्रा कडक होतो, म्हणून आम्ही कापण्याआधी तो ओल्या फडक्याखाली ठेवतो. फडकं जास्त ओलं करून पाहिलं, साचा कमी तापवून पाहिला. फरक नाही. गेल्या आठवड्यात रेल्वेच्या चॅपेलात फादरच्या हातातली मोठी भाकर वेळेआधीच मोडली आणि कण वेदीच्या कापडावर सांडले. त्यातला कणही खाली राहू द्यायचा नसतो. फादर ओल्या बोटानं कण टिपत राहिले आणि रेल्वेचे लोक गुडघ्यांवर ताटकळले. मग ते इथे आले, मदरशी बोलले. मदरनी मला कारण शोधायला सांगितलं आहे.

शोधते आहे.

सोनाबाईबद्दल तू काही विचारलेलं नाहीस, विचारण्याचं कारणही नाही. तरी लिहिते. प्लेगच्या साली हे गोदाम रिकामं पडलं होतं. जर्मनीहून आलेल्या पहिल्या बहिणींनी ते घेतलं आणि आजारी माणसं आत आणली. त्यांत अक्कलकोटकडच्या कुठल्याशा गावची सोनाबाई होती. नवरा आणि दोन्ही मुलं त्याच आठवड्यात गेलेली. ती बरी झाली. जा म्हटलं तर म्हणाली, "कुटं?" तेव्हापासून आहे. पुढे लढाई लागली आणि सरकारनं जर्मन बहिणींना नेलं. मागे दोन देशी बहिणी उरल्या, त्यांतली एक अंथरुणाला खिळलेली. त्या वर्षांत घंटा सोनाबाईनं वाजवली, दिवा सोनाबाईनं लावला, आणि भाकरीचं पीठ एकही आठवडा चुकलं नाही. लॅटिन प्रार्थना ती ऐकून ऐकून म्हणते. शब्द निम्मे चुकतात, चाल एकदाही चुकत नाही.

वेदीच्या गव्हासाठी वेगळं जातं आहे. त्यावर दुसरं धान्य कधी घालायचं नाही. ते आणि त्या गव्हाची कोठी, दोन्ही तिच्याच हाती. बाकी सगळी ज्वारी, डाळ, मीठ कोठारातली बहीण रोज मापून काढते. सोनाबाईच्या कोठीला आजवर कोणी माप लावलेलं नाही.

ती फार वाळली आहे. विचारलं तर म्हणते, "उपासाचं दिस हायेत न्हवं." उपवासकाळ संपून महिना होत आला म्हटलं, तर म्हणते, "आसंल. मला कुटं मोजता येतंय." तिला मोजता येतं.

तुझ्या घराच्या मागच्या अंगाला आईची खोली होती. ती आता कशाला वापरता? सहज विचारते.

कमलम्मा बरी आहे. पोराला दूध पुरतं आहे.

तुझी बहीण,
सिस्टर मार्था


सोलापूर
बुधवार, १६ मे १९३४

दादा,

या पत्राच्या माथ्यावर नेहमीची तीन नावं नाहीत. हे मदरनी वाचलेलं नाही, वाचणारही नाहीत. मी हे दवाखान्यात, औषधाच्या पुड्यांच्या कागदावर लिहिते आहे, म्हणून तुकडे लहान आहेत. क्रम लावून वाच.

पत्र देणारी म्हातारी तुझ्यासमोर उभी आहे, तीच सोनाबाई. कुर्डुवाडीला गाडीतून उतरून मोटारीच्या अड्ड्यावर भीमा ड्रायव्हर म्हणून तुझी चौकशी कर, असं तिला सांगितलं आहे. आधी तिला पाणी दे. ती मागणार नाही. तिला वाचता येत नाही. हे पत्र तिला वाचून दाखवू नकोस आणि तिच्यादेखत वहिनींनाही सांगू नकोस. का ते खाली येईल.

मागचं पत्र लिहिलं तेव्हा "शोधते आहे" असं मी लिहिलं होतं. तेव्हा कारण सापडून दोन दिवस झाले होते.

परीक्षा सोपी आहे, वहिनीही करू शकतील. पिठाचा गोळा मळायचा आणि वाहत्या पाण्यात चोळत राहायचं. पांढरं पाणी निघून जातं. गव्हाचा असेल तर हातात रबरासारखा चिवट लगदा उरतो. त्या चिवटपणानंच पापुद्रा एकसंध राहतो. ज्वारीत तो नसतो. ज्वारीचा गोळा धुतला की हात रिकामा. मी वेदीचं पीठ धुतलं आणि बाजारच्या चांगल्या गव्हाचं तेवढंच पीठ धुतलं. आमच्या पिठातून निम्मा लगदा निघाला. पुन्हा केलं. पुन्हा निम्मा.

दुपारी सगळ्या आडव्या होतात तेव्हा मी जात्याकडे गेले. ती गहू निवडत बसली होती. मी विचारलं, यात ज्वारी घालतेस का?

"घालती की." मान वर न करता म्हणाली.

"कधीपासून?"

"तुमी त्या कमलम्माला लिवून दिल्यापासनं."

मला कळेना. ती म्हणाली, "आवं, तुमीच न्हवं सांगितलं? ज्वारी बंद, तिखट बंद, गव्हाचं सत्त्व घ्या. ती खिडकीसमोरनं हलंना. रडत हुती. म्या म्हनलं काय झालं गं, तर तिच्या तेलंगीत म्हनती, 'सिस्टरम्मा चेप्पिंदी गहू खा. संप हाय, गहू एक्कड?' ज्वारीसुदिक न्हाय घरात, गहू कुटनं आनायचा तिनं?"

दादा, मी सांगितलेलं पथ्य बरोबर होतं. आजही तेच सांगेन. पण हगवणीतून उठलेल्या चौघी-पाचजणींना मी तेच सांगितलं, आणि ते आणायचं कुठून हे एकीलाही विचारलं नाही. विचारायची खिडकी माझीच होती.

"म्हणून तू वेदीचा गहू दिलास."

"थोडा थोडा. फिरत्या कपाटातनं." आमच्या फाटकाच्या भिंतीत एक फिरतं लाकडी कपाट आहे. आतली वस्तू ठेवून फिरवलं की बाहेर निघते, म्हणजे देणारीचं तोंड घेणारीला दिसत नाही.

"आणि कमी पडला तिथे ज्वारी."

"माझ्या वाटची." हे तिनं जरा जोरात म्हटलं. "कोठारातली न्हाय, चोरीची न्हाय. मला रोजची मिळती त्यातली. पांढरी शाळू ज्वारी, चाळून, वस्त्रगाळ करून घातली. उष्टं काय घातलं न्हाय म्या देवाला."

म्हणून ती वाळली होती.

मदरना का विचारलं नाहीस, म्हटलं. तर म्हणाली, "इचारलं आसतं तर त्या न्हाय म्हनल्या आसत्या. न्हाय म्हनल्यावर दिलं आसतं तर पाप. न इचारता दिलं, त्यात कसलं पाप?" आणि मग माझ्या तोंडाकडे बघून तिला काय वाटलं कोण जाणे, माझी समजूत घालायला लागली. "मार्थाबाई, देवानं काय ज्वारी बघितली न्हाय व्हय कवा? सोलापुरात येतोय की रोज."

मला हसू आलं नाही. तुला येईल. आईला नक्की आलं असतं.

आता जे मी मागच्या पत्रात टाळलं ते. मिस्साची भाकर गव्हाचीच लागते. दुसऱ्या धान्याची असेल तर फादरनी सगळे शब्द म्हटले तरी ती नुसती भाकर राहते आणि तो मिस्सा होत नाही. हे माझं मत नाही, आपल्या धर्माचा नियम आहे, तूही शाळेत शिकलास. आईचा मिस्सा त्याच दिवसांत झाला. ती भाकर मी माझ्या हातानं कापली, आणि कड तुटली म्हणून दोनदा कापली. तू विचारलंस, झाला का. ठरल्या दिवशी, आईचं नाव घेऊन, सहा मेणबत्त्यांनी जे झालं ते नियमानं काहीच नव्हतं.

मी कोणाला सांगितलं नाही. सोनाबाईला दुसऱ्या दिवसापासून ज्वारी बंद करायला लावली, आणि मदरना म्हणाले, दळण जाड पडतं आहे, पाहते. भाकरी पुन्हा नीट झाल्या. तिथेच संपलं असतं. पण गेल्या आठवड्यात कोठारातल्या बहिणीनं वेदीची कोठी उघडून पाहिली. गहू फार खाली गेला होता. मदरनी सोनाबाईला बोलावून विचारलं, गहू कुठे गेला? तिनं सांगितलं. त्याच्या जागी काय घातलंस? तेही सांगितलं. किती? "हाताला येईल तेवढी," म्हणाली. तिला लपवण्यासारखं काही वाटतच नव्हतं.

मदरनी फादरना बोलावलं आणि मला भेटीच्या खोलीत. जाळीच्या पलीकडे फादर, अलीकडे आम्ही दोघी. दार उघडं होतं, आणि दाराबाहेर सोनाबाई भिंतीला पाठ लावून डाळ निवडत बसली होती. ताटातला खडा वाजला की मला ऐकू येत होता.

फादरचं मराठी पुस्तकातलं आहे. दाराबाहेर जाणार नाही इतक्या हळू म्हणाले, "सिस्टर मार्था, आपण मोजणाऱ्या आहात. म्हणून आपणांसच विचारतो. ज्वारी किती होती? चिमूटभर मिसळली असेल तर ती भाकर गव्हाचीच, आणि आपण सारे निश्चिंत. परंतु अधिक असेल, तर उपवासकाळापासूनचे सर्व मिस्से व्यर्थ. मला बिशपांस लिहावं लागेल. गावोगाव वेदीवरून सांगावं लागेल. ज्यांच्या मृतांसाठी ते मिस्से झाले, त्या प्रत्येकाच्या घरी कळेल, आणि कोणामुळे तेही कळेल."

मदर म्हणाल्या, "ती हे सोसणार नाही." दाराकडे पाहून म्हणाल्या. मग माझ्याकडे पाहिलं. "तरीही खरं ते सांग."

तुला माझा स्वभाव माहीत आहे. "साधारण" हा शब्द त्यांनी माझ्या तोंडून कधी ऐकलेला नाही. मी म्हणाले, "जात्याच्या खाचेत राहते तेवढी."

फादरनी क्रूसाची खूण केली आणि देवाचे आभार मानले. त्यांनी दुसरा प्रश्न विचारला नाही. मी सांगितलं म्हणजे ते मोजलेलंच असणार.

या मठात कोणाच्या हातून काही फुटलं तर तुकडे हातात धरून जेवणघरात सगळ्यांसमोर गुडघ्यांवर बसायचं असतं. मी औषधाच्या बाटल्यांचे तुकडे धरून दोनदा बसले आहे. त्यानं बरं वाटतं, हे मी कोणाला सांगितलेलं नाही. या वेळी धरायला हातात काही नव्हतं. पापनिवेदन ऐकायला इथे फादर एकच. ज्यांना खोटं सांगितलं त्यांनाच जाऊन ते सांगायचं, तर ते कोणाजवळ बोलणार नाहीत, पण खरं उघड कर म्हटल्याशिवाय क्षमाही देणार नाहीत, आणि मग बिशप, वेदी, गावं, सगळं. म्हणून मी गेलेले नाही.

एवढं करून सोनाबाईची जागा राहिली नाही. वेदीचं जातं बाटवणारीला त्यावर ठेवता येत नाही, असं मदर म्हणाल्या, आणि जातं सोडून फाटकावर नुसती बसायला ती तयार नाही. तिला सांगितलं आहे की वय झालं, हात थकले, आता विश्रांती घे. तिला वाटतं, न विचारता गहू दिला म्हणून मदर रागावल्या. तेवढंच वाटू दे. तिच्यामुळे गावोगावची मेलेली माणसं मिस्सावाचून राहिली, हे तिच्या कानावर जाता कामा नये. त्या माणसांत आपली आई आहे, हे तर कधीच नाही. तुला राग येईल. तो माझ्यावर काढ, तुला सवय आहे. तिच्यावर नको.

आता दोन कामं सांगते, दोन्ही तुझ्यावाचून होणार नाहीत.

पहिलं, आईचा मिस्सा पुन्हा सांग. इथे नको, इथे मला कारण द्यावं लागेल. नगरला सांग, तिथे भाकर त्यांच्या मठात होते. वर्षाचा राहून गेला म्हण. बाकीच्यांच्या आईबापांसाठी मला असं कोणाला सांगता येत नाही. त्यांच्यासाठी मी रोज रात्री प्रार्थना म्हणते. ती पुरते की नाही हे मोजायचं साधन माझ्याजवळ नाही.

दुसरं, आईची खोली. वहिनींची हरकत नसेल तर सोनाबाईला तिथे ठेव. ती खाते थोडं, बोलते फार. पहाटे उठून लॅटिन म्हणेल, घाबरू नका. तिच्या गाठोड्यात मदरनी स्वतःची लोकरीची शाल घातली आहे. ती तिला माहीत नाही, माझ्या नजरेस पडली.

मदरबद्दल तुला एक सांगायचं राहिलं आहे, आणि ते वाचलं जाणाऱ्या पत्रात लिहिता येत नव्हतं. आईची तार आली तेव्हा मी विचारलं होतं. मदरच्या खोलीत गुडघ्यांवर बसून विचारलं. त्या नाही म्हणाल्या, आणि मग त्या रडल्या. मी रडले नाही. नियम मोडला नाही याबद्दल तेव्हा मला थोडा अभिमानही वाटला होता. तू वर्षभर समजत आलास तसं झालं नव्हतं, एवढंच.

काल वडारीण येऊन छिन्नीनं जात्याला टाकी लावून गेली. जुनी खाच नावालाही राहू द्यायची नाही, अशी मदरची आज्ञा होती, म्हणजे ज्वारीचा कण राहायला नको. दगडाची भुकटी उडत होती, आणि सोनाबाई फाटकापाशी गाठोडं घेऊन बसून तो आवाज ऐकत होती. म्हणाली, "लई खोल मारती ती. दात ऱ्हायचं न्हाईत जात्याला." बरोबर होतं. पहिलं दळण आज मी केलं, पीठ भरड पडलं. माझ्या हातांना वळण नाही. फोड आले आहेत, म्हणून अक्षर असं.

ऑगस्टची व्रतं पुढे ढकला असं मी मदरना सांगितलं आहे. का विचारलं, तेव्हा उन्हाचा थकवा म्हणाले. त्यात खोटं थोडंच आहे. पुढचं मला माहीत नाही. माहीत नसताना लिहायची मला सवय नाही.

सोनाबाईला रिकामं बसवू नकोस. आईचं जातं अजून असेल तर ते दे. ती विचारील, यावर काय चालतं, काय चालत नाही? सांग, घरात जे असेल ते दळ.

तुझी,
रंभा